शाळेच्या डब्यात अंड्याचं सॅलड द्यायचं तर

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. शाळा नऊची, व्हॅन आठला येते, मोठी सुट्टी सव्वाबाराला. उकडलेलं अंडं दिलं की "वास येतो" म्हणून अर्धं परत आणतो. त्यांना मेयॉनीज न घालता अंड्याचं सॅलड द्यायचं आहे, पण ब्रेड भिजतो, सकाळी ऑफिसची घाई असते आणि इतका वेळ ते टिकेल का याची धास्ती वाटते. शेवटी विचारलंय, रोज दिलं तर चालेल का?

मी आहारतज्ज्ञ आहे. शाळांमध्ये जाऊन मुलांचे डबे बघणं आणि त्यावर पालकांशी बोलणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तुम्ही कृती विचारली आहे, पण हा डबा कृतीवर ठरत नाही. तो ठरतो दोन गोष्टींवर: डबा किती थंड राहतो आणि सॅलडला पाणी किती सुटतं. ही दोन गणितं जमली की चव तुमच्या हातची.

आधी थंडाव्याचं बघू, कारण तिथे तडजोड चालत नाही. शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिलं की त्यात जिवाणू भराभर वाढतात. नेहमीचा नियम असा की असा पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. आता तुमचा हिशेब मांडा. साडेसातला डबा भरला, सव्वाबाराला उघडला. पावणेपाच तास झाले. म्हणजे नुसत्या स्टीलच्या डब्यात हे सॅलड देता येणार नाही. "आमच्याकडे काही झालं नाही कधी" हे मी खूप ऐकते, आणि बहुतेक वेळा काही होतही नाही. पण ज्या दिवशी होतं त्या दिवशी ते मुलाच्या पोटाला होतं.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे. आतून चंदेरी अस्तर असलेली डब्याची पिशवी घ्या आणि बर्फाचं चपटं जेल पॅक. पॅक नसेल तर पाण्याची छोटी प्लास्टिकची बाटली अर्धी भरून, आडवी करून रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. अर्धीच भरा, बर्फ फुगतो. सॅलड रात्रीच करून त्याच डबीत भरून फ्रीजमध्ये ठेवायचं, म्हणजे डबीही गार असते. सकाळी डबी थेट बर्फाला टेकवून पिशवीत ठेवायची. इथे प्लास्टिकपेक्षा स्टीलची डबी बरी, तिला गारवा लवकर लागतो.

ज्यांच्याकडे रुंद तोंडाचा, दुहेरी भिंतीचा थर्मॉससारखा डबा आहे त्यांनी तो उलट कामाला लावावा. त्यात बर्फाचं पाणी दहा मिनिटं भरून ठेवा, ओतून टाका, पुसा आणि फ्रीजमधलं गार सॅलड भरा. तो डबा जसा वरण गरम ठेवतो तसं हे गार ठेवतो. फक्त ताजं उकडलेलं कोमट अंडं त्यात घालू नका. कोमट अन्न तासन् तास कोमटच ठेवायचं असेल तर त्याच्याइतकी सोयीची जागा नाही, आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे.

एका रविवारी घरी करून बघा. साडेसातला पिशवी भरा, मुलाचं दप्तर जिथे पडलेलं असतं तशाच जागी ठेवा, पंख्याखाली नको, आणि सव्वाबाराला उघडा. बाटलीत अजून बर्फ शिल्लक हवा आणि डबी हाताला चांगली गार लागायला हवी. बर्फ पूर्ण वितळून पाणी कोमट झालं असेल तर दोन बाटल्या ठेवा किंवा पिशवी बदला.

आता वास. मुलाची तक्रार खरी आहे, नाटक नाही. अंड्याच्या पांढऱ्या भागात गंधक असलेली प्रथिनं असतात. अंडं जास्त वेळ उकळलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, तोच तो उग्र वास. बलकाभोवती जी हिरवट-काळपट कडा दिसते ती याच वायूची आणि बलकातल्या लोहाची जोडी. ती खाऊन अपाय होत नाही, पण अंडं किती उकळलं गेलं हे ती सांगते. आपल्याकडे अंडी भाताच्या किंवा बटाट्यांच्या बरोबर कुकरमध्ये टाकायची सवय आहे. शिट्ट्या बटाट्याच्या हिशेबाने होतात, अंडं बिचारं त्यात भरडलं जातं. मग ते गरम असतानाच सोलून, डब्यात भरून झाकण लावलं की वायू आत कोंडतो. सव्वाबाराला झाकण उघडतं तेव्हा आजूबाजूचे चार जण नाक धरतात.

माझी आवडती पद्धत इडलीपात्राची. तळाशी पाणी घालून आधी खळखळ उकळू द्या. इडलीच्या खळग्यांत अंडी आडवी ठेवा, झाकण लावा, मध्यम आचेवर 12 मिनिटं वाफवा. अंडी आपटत नाहीत, फुटत नाहीत, आणि एकदम वाफेची उष्णता लागल्यामुळे आतलं पातळ आवरण सुटं होतं, सोलायला सोपं जातं. इडलीपात्र काढायचा कंटाळा असेल तर पातेल्यात पाणी उकळल्यावर अंडी झाऱ्याने हळूच सोडा आणि 10-11 मिनिटं ठेवा. गार पाण्यात घालून चढवलेली अंडी सोलताना जास्त छळतात. वेळ झाली की लगेच गार पाण्यात. पाणी कोमट होईल, ओतून पुन्हा गार घाला, बर्फ असेल तर टाका. हे गार करणं टाळू नका. गॅस बंद केला तरी अंडं आतून शिजतच राहतं, आणि ती हिरवी कडा तेव्हाच धरते.

सोलताना बोथट टोकाकडून सुरुवात करा, तिथे हवेची पोकळी असते. अगदी ताजी अंडी सोलताना पांढरा भाग कवचाबरोबर उचकटून येतो. अंडं जुनं होत जातं तसा कवचाच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढरा भाग जास्त अल्कधर्मी होतो आणि सोलणं सोपं होतं. पण फार जुनं झालं की वासही वाढतो. म्हणून फ्रीजमध्ये पाच-सात दिवस राहिलेली अंडी या कामाला उत्तम. पाण्यात तरंगणारं अंडं जुनं असतं एवढं खरं, पण बुडालं म्हणजे जंतुविरहित असा त्याचा अर्थ नाही. आणि बाजारातून आणल्या आणल्या अंडी धुऊन फ्रीजमध्ये ठेवू नका, कवचावरचं नैसर्गिक संरक्षक आवरण निघून जातं. धुवायची ती उकडायच्या आधी.

वासाबद्दल आणखी एक. उकडलेल्या अंड्यावर काळं मीठ भुरभुरायची पद्धत आहे. घरी गरम गरम खाताना छान लागतं, पण काळ्या मिठालाच गंधकाचा वास असतो. डब्यात साधं मीठ आणि मिरपूड. कच्चा कांदाही नको, तो चार तासांत अख्खी पिशवी ताब्यात घेतो.

कृतीकडे येऊ. एका मुलासाठी दोन अंडी. सॅलड म्हटलं की परदेशी काहीतरी डोळ्यांसमोर येतं. तुम्ही ती पाणी न सुटणारी कोशिंबीर समजा आणि कोशिंबिरीचंच सगळं शहाणपण वापरा.

अंडी पूर्ण गार झाल्यावर बलक वेगळा काढा. वाडग्यात बलक, दोन मोठे चमचे चक्का, लिंबाचे चार थेंब, मीठ, मिरपूड घालून काट्याने घोटा. सुरुवातीला भुसभुशीत वाटेल, मग एकदम मऊ, फिकट पिवळं, चमच्याला धरणारं मिश्रण होतं. मेयॉनीजचं काम हे मिश्रण करतं. अख्खा बलक मुलांच्या घशात कोरडा बसतो, म्हणूनच बरीच मुलं पांढरं खाऊन पिवळं ठेवतात. असा घोटला की ती तक्रार राहत नाही. मग पांढरा भाग सुरीने बारीक कापून मिसळा. मिक्सर नको, चिकट लगदा होतो. लहान भाऊ-बहीण असेल तर त्यांच्यासाठी खिसणीच्या जाड बाजूने खिसला तरी चालतो.

चक्का डेअरीत श्रीखंडासाठी मिळतो तोच, बिनसाखरेचा. घरी करायचा तर दही मलमलच्या फडक्यात बांधून गाळणीवर ठेवा, खाली वाडगं, आणि हे सगळं फ्रीजमध्ये. ओट्यावर रात्रभर टांगून ठेवलेला चक्का आंबट होतो आणि दुपारपर्यंत आणखी आंबतो. साधं दही घालू नका, त्यातल्या पाण्यानेच ब्रेडचा चिखल होतो.

चव कशाने आणायची? आमच्याकडे चालणाऱ्या दोन गोष्टी सांगते. पहिली, फेसलेली मोहरी. पाव चमचा मोहरीची डाळ थोड्या पाण्यात फेसून घातली की बाटलीतल्या मस्टर्ड सॉसची गरज उरत नाही. मुलाला झणका सोसत नसेल तर चिमूटभरच. दुसरी, खमंग काकडीसारखी जिरं-हिंगाची छोटी फोडणी, पूर्ण गार करून. गरम फोडणी ओतलीत तर रात्री गार केलेलं सगळं पुन्हा कोमट होईल.

भाज्यांमध्ये काकडी घालायची तर बिया काढून चोचवा, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. किती पाणी निघतं ते एकदा बघाच. तेच पाणी नाहीतर सव्वाबारापर्यंत डब्यात निघणार होतं. ते फेकू नका, थालीपिठाच्या पिठात जातं. पिळलेल्या काकडीत मीठ राहतं, तेव्हा बलकात हात आखडता ठेवा. टोमॅटो सॅलडमध्ये नकोच, वेगळ्या खणात फोडी द्या. गाजराचा कीस आणि बारीक चिरलेली सिमला मिरची यांना पाणी कमी सुटतं. उकडलेले मक्याचे दाणे पुसून कोरडे करून घातले तर मुलं तेवढ्यासाठी डबा संपवतात. पावसाळ्यात, म्हणजे शाळा सुरू होतात त्या जून-जुलैमध्येच, कच्च्या पालेभाज्या आणि लेट्यूस यांच्यापासून लांब राहा. गाजर, मटार, मका वाफवून गार करून घाला.

तरी थोडं पाणी दिसलंच तर एक चमचा दाण्याचं कूट. ते पाणी पितं आणि चवही आपल्या ओळखीची होते. मात्र वर्गात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्यामुळे शाळेने शेंगदाणे बंद केले असतील तर ते पाळा. तुमच्या मुलाने आत्तापर्यंत उकडलेलं अंडं खाल्लेलं आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत अंड्याचा प्रश्न नाही. पण अंड्याचीही अ‍ॅलर्जी असते, आणि मुलं डबे वाटून खातात. ज्याला अंडं चालत नाही त्याला द्यायचं नाही, एवढं त्याला स्पष्ट सांगून ठेवा.

ब्रेड भिजतो कारण तो सकाळीच भरला जातो. भरूच नका. सॅलडची डबी गारव्यात आणि ब्रेड बाहेरच्या खणात, वेगळा. ब्रेड गारव्यात ठेवला तर तो लवकर शिळा आणि कडक होतो, म्हणजे दोघांना एकत्र ठेवण्यात दोघांचंही नुकसान. आठ वर्षांचं मूल चमच्याने सॅलड ब्रेडवर पसरू शकतं, आणि स्वतः "बनवलेलं" सँडविच टाकत नाही. आधीच भरून द्यायचंच असेल तर दोन्ही स्लाइसना आतून कडेपर्यंत लोण्याचा पातळ हात फिरवा. स्निग्धता पाणी अडवते. मग मात्र अख्खं सँडविच गारव्यात जायला हवं. पोळीची गुंडाळी करायची तर पोळी पूर्ण गार होऊ द्या. गरम पोळीची वाफ आतल्या आत पाणी होते. पोळीला तूप लावा, सॅलड मधोमध थोडंच ठेवा, खालचं टोक दुमडा, बटर पेपरमध्ये गुंडाळा. लादी पाव फार शोषतो, तो मी या पदार्थाला देत नाही.

मेयॉनीज तुम्ही टाळताय ते ठीक, पण कारण नीट समजून घ्या. घरी किंवा गाडीवर कच्च्या अंड्याचं करतात ते मेयॉनीज मुलांना नकोच. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूच्या धोक्यामुळे तेलंगणाने 2024 मध्ये आणि तमिळनाडूने 2025 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयॉनीजवर वर्षभरासाठी बंदी घातली होती. कारखान्यातून येणाऱ्या सीलबंद बाटलीत व्हिनेगरसारखं आम्ल असतं आणि आपल्याकडे त्यातली बरीच बिनअंड्याचीच असतात. तिथे धोका कमी, पण ते मुख्यतः तेल आहे. घरात असेल आणि मुलाला आवडत असेल तर चक्क्यात एक छोटा चमचा मिसळलात म्हणून मी नाक मुरडणार नाही. मेयॉनीज घातलं नाही म्हणून सॅलड बाहेर टिकतं, हा समज मात्र सोडा. नासणारा पदार्थ त्यात अंडं आहे.

सकाळच्या घाईचं उत्तर यातच आलं. रविवारी चार-सहा अंडी वाफवून, न सोलता, गार झाली की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. सालासकट ती आठवडाभर चालतात. डब्याच्या आदल्या रात्री जेवणं आटोपल्यावर दोन सोला आणि सॅलड करा, वेळ फारसा लागत नाही. सॅलड फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं असं म्हणतात आणि ते बरोबर आहे, पण ते न हलवता फ्रीजमध्येच राहिलेल्या सॅलडबद्दल. डब्यासाठी रात्री केलेलं दुसऱ्या दिवशीच संपवा. सकाळी फक्त डबी आणि बर्फ पिशवीत टाकायचा.

यानंतरही डबा परत आला तर वासाच्या पलीकडचं कारण शोधा. मुलाला "का नाही खाल्लं?" विचारण्यापेक्षा "तुझ्या बाजूला कोण बसतं, त्याच्या डब्यात काय असतं?" असं विचारून बघा. अंड्याचा डबा उघडल्यावर कुणीतरी "ईईई" केलेलं असतं, ते मूल घरी सांगत नाही. "वास येतो" एवढंच सांगतं. काही शाळांमध्ये डब्यात फक्त शाकाहार असा लेखी नियम असतो, काही ठिकाणी लिहिलेलं काही नसतं पण बाई हळूच सुचवतात. शाळेच्या डायरीत बघून घ्या, नाहीतर वर्गशिक्षिकेला सरळ विचारा. आपल्याकडे अंडं हा विषय सरकारलाही सुटलेला नाही. 2023 च्या अखेरीस महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं सुरू झालं आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबला. नियम आड येत असेल तर मुलाला त्या भांडणात ओढू नका. अंडं नाश्त्याला द्या, डब्यात चक्क्यातलंच पनीर किंवा उकडलेल्या छोल्यांचं सॅलड द्या. वरची पद्धत जशीच्या तशी लागू पडते, गारव्यासकट.

मार्च-एप्रिलमध्ये, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात किंवा खानदेशात असाल तर, मी हा डबा बंदच ठेवायला सांगते. व्हॅनमध्ये आणि वर्गात चाळिशी गाठणाऱ्या तापमानात एका बाटलीचा बर्फ पुरत नाही. तेव्हा दशम्या, शेंगदाण्याची चटणी-पोळी, थालीपीठ हेच खरे डब्याचे पदार्थ. अंड्याचं सॅलड शाळेतून आल्यावर, फ्रीजमधून थेट ताटात.

राहिला रोजचा प्रश्न. साधारण 50 ग्रॅमच्या एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार दिवसाला 23 ग्रॅम लागतात. दोन अंडी, चक्का आणि ब्रेड मिळून या एका डब्यात त्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग येतो. ब-12, ड जीवनसत्त्व आणि कोलीन हे पोषकद्रव्य बहुतेक बलकात असतं, म्हणून "कोलेस्टेरॉल नको" म्हणून मुलाचा बलक काढून टाकू नका. निरोगी मुलाने रोज अंडं खायला हरकत नाही. घरात लहान वयात हृदयविकार किंवा फार जास्त कोलेस्टेरॉल असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. अंड्यात तंतू नाहीत आणि क जीवनसत्त्वही नाही, आणि त्यातलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. म्हणून बाजूच्या खणात पेरूच्या फोडी किंवा संत्रं ठेवा. क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. तपकिरी अंड्यासाठी जास्त पैसे मोजताय का? कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवरून येतो, पोषणात त्याने फरक पडत नाही.

तरीही डबा म्हणून हे सॅलड मी आठवड्यातून दोनदाच द्या म्हणेन, मुलं एकाच डब्याला लवकर विटतात. पहिल्या वेळी दीड अंड्याचंच द्या, कारण मोठी सुट्टी म्हटली तरी खेळायची ओढ असतेच आणि खायला पंधरा मिनिटं मिळाली तरी खूप. डबीत उरलं तर काय करायचं हे मात्र आधीच ठरवून ठेवा. आपल्या घरांमध्ये मुलाचा उरलेला डबा संध्याकाळी आजी नाहीतर आई "टाकायचं कशाला" म्हणून संपवते. पोळी-भाजीचं ठीक आहे. हे सॅलड संध्याकाळी घरी आलं तर कुणीही खायचं नाही, सरळ कचऱ्यात.